पायरीवरचा आवाज

फुटबॉलचा संघ चालवणाऱ्या आमच्या तालमीनं एका निवृत्त फुटबॉल रेफरींचा सत्कार ठेवला आणि शाल घालायला नेमकं मलाच उभं केलं. वीस वर्षं स्टेडियमच्या पायरीवर बसून, लाइनीबाहेरनं हातानं टाकलेल्या थ्रो-इनलासुद्धा, याच माणसावर मी बेंबीच्या देठापासून ओरडत आलो होतो, "ऑफसाइड हाय की, आंधळा हाईस व्हय?" त्यांनी एकदाही वर बघितलं नव्हतं, त्यामुळं मी निर्धास्त होतो.

शाल घालून हळूच म्हणालो, "अभिनंदन, सर."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "आवाज वळखला की."

माईक चालूच होता. मांडवात हशा पिकला. मला तर हसू आवरेना, माझा फेटा सुटून डोळ्यांवर आला.

तो सारखा करत ते म्हणाले, "पावणं, थ्रो-इनच्या बॉलला ऑफसाइड नसतंय. वीस वर्षं सांगायचं ऱ्हायलंय."