सहा वल्ह्यांची होडी

जेबेझ ट्रेवास कॉर्नवॉलच्या पोर्थवेन बंदरात जकात खात्याच्या गस्तीच्या होडीवर बावीस वर्षं होता. शेवटची नऊ तिचा म्होरक्या, तांडेल म्हणून. होडी सहा वल्ह्यांची. १८३८ साली लंडनच्या कचेरीने काटकसर म्हणून तीन माणसं कमी केली. होडी तेवढीच जड राहिली.

ओहोटीच्या उलट अशी होडी जागेवर धरायलाच दोघांचा जीव जातो. पुढे सरकते ती तिसऱ्याच्या पाठीवर.

तीन वर्षं ती अशीच ओढली. मग एका धुकट सकाळी खबर आली, भूशिराच्या टोकापलीकडच्या पुळणीवर चोरटी ब्रँडी उतरतेय. तिघांनी तीन तास वल्हवलं. जेबेझच्या तळव्यांची सालं निघाली. पोहोचले तेव्हा वाळूत परक्या होडीची रेघ तेवढी उरली होती.

तपासनीस साहेब आले. म्हणाले, "तीन तास? चालत गेला असतास तरी तासात पोहोचला असतास."

"चालत गेलो असतो तर होडी सोडली म्हणून काढलं असतंत, साहेब."

"जास्त बोलू नकोस. किती खाल्लेस त्यांच्याकडून?"

जेबेझने तळवे पुढे केले. साहेबांनी ते पाहिले नाहीत.

नोकरी गेली. खात्याचं घरही सोडायचा हुकूम आला. पण जेबेझला आधी एवढंच हवं होतं, की आपण लाच खाल्ली नाही हे सरकारने कबूल करावं. तीन अर्ज केले. उत्तर नाही. तेव्हा त्याने कैफियत छापून चारचौघांत लावायची आणि एक प्रत लंडनला धाडायची ठरवलं.

छापखानेवाला म्हणाला, "खातं तर कबूल करणार नाही. होडीवर तिघंच असायचे, याला साक्षीदार कोण?"

बरोबरच्या दोघांना नोकरी टिकवायची होती. बाकी ती होडी रोज निरखून पाहणारी गावात एकच टोळी: कड्यावर बसून तिच्यावर डोळा ठेवणारे हॅनिबल चेग्विन आणि त्याचे चोरटा माल उतरवणारे गडी. जेबेझ त्याच्या दारात गेला.

"या तांडेल! आज झडतीला एकटेच?"

"सही हवीय."

"आमची?" हॅनिबल खो खो हसला. "आण इकडे. तीन वर्षं रोज मोजतोय. तिघं. एकाची कंबर धरली की अडीच. मला तुरुंगात घातलंस मेल्या, पण खाल्लं नाहीस कधी. मीच द्यायला आलो होतो, मला नाही ठाऊक?"

अकरा जणांनी सह्या केल्या, कोणी फुल्या मारल्या.

बायको टॅमसिनने यादी पाहिली. "ही नावं पाठवू नकोस रे."

"खरी माणसं आहेत."

"खरी आहेत म्हणूनच सांगतेय."

त्याने पाठवली. महिन्याने चार ओळी आल्या. साक्षीदार खात्याच्या माहितीतले गुन्हेगार आहेत, अर्जदाराचा त्यांच्याशी घरोबा यावरूनच सिद्ध होतो, प्रकरण बंद. वल्ह्यांबद्दल अक्षर नाही.

दोघं टॅमसिनच्या बहिणीच्या मागच्या खोलीत राहायला गेली. शरदात एके दिवशी जेबेझ कड्यावर चढला. हॅनिबल तिथे होताच. खालून गस्तीची होडी निघाली.

"मोज," हॅनिबल म्हणाला.

सहा होते.

"तुझ्या कागदाने आमचं वाटोळं केलं, तांडेल. सरक, बस इथे."

जेबेझ बसला. तिसरा गडी वल्हं उशिरा टाकत होता. अशाने पुढच्याची पाठ जाते. जेबेझने ओरडायला तोंड उघडलं. वारा समुद्रावरून वर येत होता. त्याने तोंड मिटलं.