अर्ध्या हवेची ट्यूब

सायकल दुरुस्तीच्या त्या दुकानाला पाटी नव्हती. दारात पंप होता आणि पंपामागे मालक, म्हणून लोक त्यांना पंपवाले म्हणत. बायकोही चिडली की तेच म्हणे.

पंक्चर काढण्यात त्यांचा एक हट्ट होता. ठिगळ बसलं की ट्यूब पुन्हा टम्म फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायची, आणि एकही बुडबुडा आला नाही तरच गिऱ्हाइकाला "न्या" म्हणायचं. कितीही घाई असो, सुटका नव्हती. "या खिळ्याचं काम पक्कं झालं. पुढच्या खिळ्याची हमी नाही," एवढं वर ऐकवत.

मग त्यांच्याच मोठ्या आतड्यात गाठ निघाली. कॅन्सर. तपासण्या होईपर्यंत यकृतातही डाग दिसले आणि उजव्या फुप्फुसात एक. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. पंपवाल्यांनी मनातल्या मनात दुकानाचं शटर ओढलं. पण सर्जनबाई म्हणाल्या, "पसरलाय, पण मोजक्या जागी. टप्प्याटप्प्याने काढता येईल. पुन्हा होणार नाही, असं मात्र मी म्हणणार नाही." हे बोलणं त्यांना ओळखीचं वाटलं. ते तयार झाले.

आधी आतड्याचं ऑपरेशन झालं. मग केमो, मग यकृताचा तुकडा काढला. पोटावरचे टाके बघून बायको म्हणाली, "आता चेनच बसवून घ्या, उघडझाक सोपी जाईल." या सगळ्यात दुकान तिनेच चालवलं. सुरुवातीला एकदा तिने ट्यूब जेमतेम फुगवून पाण्यात घातली, बुडबुडा दिसला नाही, म्हणून टायर चढवून दिलं. गिऱ्हाईक संध्याकाळी सायकल ढकलत परत आलं. पंपवाल्यांनी खाटेवरून तिला टायर पुन्हा उतरवायला लावलं. "अर्ध्या हवेची ट्यूब खोटं बोलते. भरायला घाबरायचं नाही."

फुप्फुसाच्या ऑपरेशनला जाताना मात्र त्यांनी बजावलं, "ही शेवटची खेप. यानंतर मी त्या टेबलावर झोपणार नाही."

शुद्ध आली तेव्हा बरगड्यांमधून एक नळी निघाली होती. ती खाटेखालच्या बाटलीत, पाण्यात बुडवलेली. ते खोकले आणि पाण्यात बुडबुडे आले.

जन्मभर जे बघत आले तेच खाटेखाली चाललं होतं, आणि ट्यूब म्हणजे ते स्वतः.

"कापलेल्या जागेतून थोडी हवा येतेय, काका," सिस्टर म्हणाली. "बुजेल ती. दीर्घ श्वास घ्या आणि बेंबीच्या देठापासून खोका."

पंपवाल्यांनी मान डोलावली, पण विश्वास काडीचा ठेवला नाही. आपोआप बुजलेलं भोक त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. बुजलं नाही तर पुन्हा टेबल, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. मग ते श्वास चोरू लागले. हवा वरच्या वर घ्यायची, वरच्या वर सोडायची. कोणी खोकायला सांगितलं तर घशातल्या घशात खोकायचं. बुडबुडे थांबले. राउंडला आलेला डॉक्टर बाटलीकडे बघून म्हणाला, "छान. उद्या एक्स-रे काढू आणि नळीचं ठरवू."

दुपारी बायको दुकान बंद करून आली. शांत पाणी बघून तिचा चेहरा खुलला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. अंगात कणकण होती, खांदे आखडलेले, आणि छातीवरची चादर हलतच नव्हती.

"खोका बघू."

"खुक."

"हे काय, मांजर शिंकलं?"

"बुडबुडा आला का? नाही ना? झालं तर मग."

तिच्या लख्ख ध्यानात आलं. "पंपवाले," ती म्हणाली, "अर्ध्या हवेची ट्यूब पाण्यात घातलीत. मला टायर उतरवायला लावलं होतं तुम्ही."

"भोक दिसलं तर पुन्हा कापतील. मला भीती वाटते गं."

"मलाही वाटते," ती म्हणाली, आणि सरळ जाऊन सिस्टरला सगळं सांगून आली.

सिस्टर रागावली नाही. "रबराला मांस येत नाही काका, तुम्हाला येतं. फुप्फुस पूर्ण फुगून छातीला आतून टेकलं की ती जागा धरते. तुम्ही टेकूच देत नाही. वर कफ साठून ताप आणलात."

बायकोने टाक्यांवर उशी दाबून धरली. "भरा. अजून भरा. घाबरायचं नाही."

त्यांनी हवा भरली आणि खोकले. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाटलीत आधण आल्यासारखे बुडबुडे उठले.

"येऊ देत," ती म्हणाली. "परत."

रोज दुपारी हेच. ती उशी धरायची, ते कळवळत खोकायचे. ताप उतरला. बुडबुडे विरळ होत गेले. एका सकाळी डॉक्टरसमोर ते पोटापासून खोकले; पाणी वरखाली झालं, पण बुडबुडा आला नाही.

"झालं," डॉक्टर म्हणाला. "काढू या नळी."

"थांबा," पंपवाले म्हणाले. "आमची ही येऊ दे. दुसऱ्यांदा बघितल्याशिवाय नाही."

डॉक्टर हसला, पण थांबला. ती आली, उशी धरली. पंपवाल्यांनी छाती टम्म भरली आणि सगळा जीव लावून खोकले. ती वाकून पाण्याकडे बघत राहिली, गरजेपेक्षा जास्तच वेळ. मग सरळ उभी राहिली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"मग नेऊ का मी यांना?" तिने डॉक्टरला विचारलं.

उत्तर पंपवाल्यांनीच दिलं. "ने. पुढच्या खिळ्याची हमी नाही."

"हमी मागतंय कोण," ती म्हणाली.