काल घेतली होती

जालन्याच्या एमआयडीसीत सळई भरायची आणि ती बीडकडं, कधी पार सोलापूरपर्यंत न्यायची, हे माझं काम होतं. मी दारू पीत नव्हतो. यात माझा काही मोठेपणा नाही. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच बाटली घराबाहेर गेली आणि वडिलांनी ती परत आत येऊ दिली नाही. मला ती सवयच लागली नाही, एवढंच.

ज्यांनी मला गाडी शिकवली त्या उस्तादांचं तसं नव्हतं. ते घ्यायचे. पण घरी, सुट्टीच्या दिवशी, जेवणाआधी थोडी. स्टेअरिंगवर असताना त्यांनी कधी थेंब घेतला नाही. माझं अर्धं आयुष्य त्यांच्या शेजारच्या सीटवर गेलंय, मला माहीत आहे.

मालकानं एका मोठ्या कारखान्याचं काम धरलं आणि त्या कारखान्याचा नियम आमच्या गळ्यात आला. गाडी आत घेण्याआधी गेटवर मशीनमध्ये फुंकायचं. ड्यूटीवर प्यायची नाहीच, पण ड्यूटीच्या आदल्या संध्याकाळीही नाही. आता आमची ड्यूटी लागायची ती मालकाच्या फोनवर. कधी आदल्या दिवशी कळायचं, कधी अंघोळीला बसलेलो असताना. म्हणजे सुट्टीवर असलं तरी माणूस पूर्ण सुट्टीवर नसायचा. डायव्हर लोकांनी त्या मशीनला पिपाणी नाव ठेवलं. "फुंकली का पिपाणी?" अशी गेटवर थट्टा चालायची.

उस्तादांना मात्र राग आला होता.

"माझ्या घरात मी काय खातो, काय पितो, ते गेटवरचा वाचमन ठरवणार का आता?"

"तसं न्हाई उस्ताद. सकाळपर्यंत अंगात राहती म्हणत्यात."

"माझ्या अंगाचं मला कळत न्हाई का?"

इतकी वर्षं गाडीला ओरखडा पडू न दिलेल्या माणसाशी काय बोलणार?

त्या हिवाळ्यात त्यांच्या थोरल्या मुलीचा साखरपुडा झाला. संध्याकाळी पाहुण्यांबरोबर बसणं झालं. दुसऱ्या दिवशी बीडची खेप त्यांची होती. सकाळी अंघोळ करून, गंध लावून, इस्त्रीचा शर्ट घालून ते गेटवर गेले आणि मशीन वाजलं.

"चालून दाखवू का सरळ?" त्यांनी वाचमनला विचारलं.

"मी काय म्हणत न्हाई उस्ताद. मशीन म्हणतंय."

मालकानं मला फोन केला. मी घरीच होतो, कूलर खोलून पत्रा घासत बसलो होतो. हात धुऊन निघालो. गाडी भरून तयार व्हायला दुपार टळली. उस्ताद तोवर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसून होते. किल्ली देताना म्हणाले, "क्लच जड हाय तिचा. सांभाळून ने." माझ्याकडं पाहिलं नाही.

अंबड मागं पडलं. अंकुशनगरच्या फाट्यापुढं गेलो तेव्हा दिवस मावळत होता. उसाचा हंगाम होता. समोरून दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर येत होता, ऊस इतका भरलेला की त्याच्या मागचं काही दिसत नव्हतं. तो जवळ आला आणि त्याच्या मागून एक मोटरसायकल एकदम माझ्या बाजूला आली. मी ब्रेक दाबला. तेवढंच मला करता आलं. आवाज फार मोठा झाला नाही.

लोक कुठून आले कळलं नाही. "पेलेला हाय, खाली ओढा!" कोणीतरी ओरडलं आणि सगळ्यांनी तेच धरलं. मला खाली ओढलं. पाठीत, तोंडावर बसलं. मग एकानं माझी गचांडी धरून तोंड जवळ आणलं आणि वास घेतला. "न्हाई ओ," तो मागं वळून म्हणाला, "वास न्हाई येत." त्याचा आवाज उतरला होता. त्यानंतर मारणाऱ्यांचे हात ढिले पडले. एवढ्यात पोलीस आले.

मला अंबडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथंही फुंकायला लावलं, रक्तही घेतलं. डॉक्टरीण बाई हवालदाराला म्हणाल्या, "काहीच नाही. अजिबात नाही." मला बाहेरच्या बाकावर बसवलं. ओठ फुटला होता, पण तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं वाटत होतं.

मोटरसायकलवाला जागेवरच गेला होता. जनावरांना चारा म्हणून उसाचे वाढे आणायला निघालेला तरणा माणूस. त्याचे वडील दवाखान्यात आले. डोक्याला मफलर, पायात चिखलाच्या चपला. हवालदार चहाला गेला होता. ते सरळ माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"तूच का डायवर?"

"हो."

"पेला व्हतास का?"

"न्हाई बाबा."

"खरं सांग. मी मारणार न्हाई तुला."

"न्हाई पेलो. डॉक्टरनी तपासलं."

ते माझ्या शेजारी बाकावर बसले. आमच्यामध्ये एक वीतभर जागा होती. मफलर सोडत म्हणाले, "पेला असतास तर बरं झालं असतं. कोणावर तरी राग काढता आला असता."

मग त्यांना आतून हाक आली आणि ते उठून गेले.

ट्रॅक्टरवाल्यानं जे पाहिलं तेच पोलिसांना सांगितलं. माझा जामीन झाला. मी घरी आलो. लोक भेटायला यायचे, तुझी चूक नव्हती म्हणायचे, मी मान हलवायचो. टीव्हीसमोर बसायचो आणि काय चाललंय विचारलं तर सांगता यायचं नाही. भाजी तिखट झाली की खारट, ते कळायचं नाही. बायको एकदा म्हणाली, "अहो, रडा तरी." मी प्रयत्न करून पाहिला. आलं नाही.

काही आठवड्यांनी मालकाचा फोन आला. "गाडी उभी हाय बाबा. उद्या येतोस का?"

काय सांगणार? ताप नव्हता. हातपाय शाबूत होते. गाडी चालवू नको असं सांगणारा कुठलाच नियम मला लागू होत नव्हता. गेटवरचा तेवढा एक उसना घेता येण्यासारखा होता. माझ्या तोंडून निघालं, "शेठ, काल घेतली होती. आजबी घ्यायचीय."

"तू?" मालक म्हणाला, "बरं. ऱ्हाऊ दे. परवा बघू."

बायको ओट्यापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. भाकरी तव्यावर तशीच करपू दिली.

पुढच्या फोनलाही मी तेच म्हणालो. त्याच्या पुढच्यालाही. एवढं सांगितलं की कुणी पुढं विचारत नसे. सगळ्यांना ते बराबर वाटायचं, अपघातानंतर डायव्हर दारूला लागला. विहारात एका म्हाताऱ्या काकूंनी बायकोला बाजूला घेऊन विचारलं, "कधीपासून गं?" ती मला सांगताना हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

उस्तादांच्या कानावर गेलं. ते एका दुपारी घरी आले. त्यांनी स्वतः पिणं बंद केलं होतं. शपथ वगैरे काही नाही, घरात बाटली आणलीच नाही. खुर्चीवर न बसता ते माझ्याजवळ चटईवर बसले आणि हाताचा पंजा माझ्या तोंडासमोर धरला.

"फुंक."

मी फुंकलं. त्यांनी पंजा नाकाशी नेला.

"लेका, चहाचा वास हाय हा. मंग शेठला काय सांगून राह्यलास तू?"

मी सांगितलं.

"खरं काय झालंय ते सांगायचं ना मंग."

"खरं काय सांगू उस्ताद? दुखत न्हाई, खुपत न्हाई. भीती वाटली असती तर भीती वाटती म्हणलो असतो. काहीच वाटत न्हाई. असा माणूस स्टेअरिंगवर बसवायचा का?"

उस्ताद खाली बघत म्हणाले, "ती खेप माझी व्हती."

"हो," मी म्हणालो.

दुसरं काही म्हणायला हवं होतं, तेही मला कळत होतं. उस्ताद रडायला लागले, खांदे हलवून, आवाज न करता. मी उठून त्यांना पाणी आणून दिलं आणि ते पिऊन होईपर्यंत तांब्या धरून उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी तेच मला मालकाकडं घेऊन गेले आणि माझ्या वतीनं सगळं बोलले. मालकानं डोकं खाजवलं. "पेलेला असला की दोन दिवस थांबवतो मी. ह्याला किती दिवस थांबवू?"

"ते त्याला तरी कुठं माहीत हाय, शेठ?"

मालक वाईट माणूस नाही. त्यानं मला यार्डात ठेवलं. सळईचे बंडल नीट लागलेत का, साखळी ताणलीय का, मागं लाल फडकं बांधलंय का, हे मी बघतो. अजून तिथंच आहे. केस चालू आहे, तारखेला जातो. त्या मुलाचे वडील तारखेला येत नाहीत.

उन्हाळ्यात उस्तादांच्या मुलीचं लग्न झालं. जेवणाच्या मांडवात नवरदेवाकडचा एक माणूस वाकून माझ्या कानाशी आला. "डायवर सायब, तुमची सोय मागच्या खोलीत केलीय."

"मी घेत नाही," मी म्हणालो.

तो हसला. "उद्या ड्यूटी का?"

"नाही. मी गाडी चालवत नाही आता."

हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्यानं सांगत होतो. त्याला त्याचं काही नव्हतं. तो "बरं बरं" म्हणून पुढच्या पाहुण्याकडं गेला. माझ्यासमोर पत्रावळ पडली, वाढपी बुंदी घेऊन आला, मी हात पुढं करून थोडी घेतली आणि जेवायला लागलो.