नाडी न लागणारा हात

सुनेच्या डाव्या हाताला नाडी नाही हे आम्हाला रक्तदाब मोजायच्या यंत्रानं सांगितलं, आणि आम्ही त्या यंत्रालाच वेड्यात काढलं. लग्नाला दोन-अडीच वर्षं झाली असतील. पोरगी सारखी म्हणायची, "आई, हात लई भरून येतोय." धुणं पिळताना, भाकरी थापताना मध्येच थांबायची. मी जन्मभर मराठी शाळेत शिकवलेलं, पोटात दुखतंय म्हणून घरी पळणारी पोरं ढिगानं पाहिलेली. म्हटलं, चाललंय आपलं नाटक. मग एक दिवस अंगणात चक्कर येऊन पडली, तेव्हा नगरकडच्या आमच्या बेलापुरातल्याच नेहमीच्या डॉक्टरांकडे नेली. त्यांनी दंडाला पट्टा बांधला. यंत्र फुगलं, घुर्र करून थांबलं, आकडा काही दाखवेना. सेल बदलले, तरी तेच. उजव्या हाताला बांधलं तर आकडा लगेच आला. मग त्यांनी डावं मनगट धरलं, कोपरापाशी दाबून पाहिलं, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, इथं नाडीच लागत नाही."

"अहो, पोरगी समोर बसलीय, बोलतेय! नाडी नाही म्हणजे काय?" मी जवळजवळ ओरडलेच.

नगर झालं, मग पुणं. तपासण्यांवर तपासण्या झाल्यावर एका जपानी डॉक्टरच्या नावाचा आजार निघाला. शरीराची राखण करणारं जे काही असतं तेच उलटतं आणि हृदयापासून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर तुटून पडतं. त्या सुजतात, आतून अरुंद होतात, हळूहळू बंद पडतात. हिच्या डाव्या हाताची बंद पडलीच होती. आता उजव्या हाताची, मानेतली, मूत्रपिंडाची वाचवायची होती. मानेतली बंद झाली तर काय, हे मी विचारलं. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, झटका येऊ शकतो, नजर जाऊ शकते. पंचविशीची पोर, आणि हे ऐकताना माझ्याकडे बघत होती, जणू मी काहीतरी उत्तर देईन.

स्टिरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा सुजून गोल झाला. गल्लीतल्या बाया मला गाठून विचारायच्या, "काय हो बाई, सून अंगानं भरलीय, गोड बातमी दिसतीया?" एकीला तर मी म्हटलंच, "तुझ्या तोंडाला आधी साखर लाव, मग गोड बातमी विचार." पण घरी येऊन मला रडूच आलं.

वर्षभरानं पुण्यात तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंनी ट्रायलचं काढलं. या आजारासाठी एक नवीन औषध तपासलं जात होतं. आठवड्याला एक सुई, पोटाच्या कातडीत, घरच्या घरी टोचायची. निम्म्या पेशंटांच्या सुईत औषध, निम्म्यांच्या सुईत नुसतं औषधासारखं दिसणारं पाणी. कोणाला काय, ते पेशंटला माहीत नाही, डॉक्टरलाही माहीत नाही. ट्रायल चालू असेपर्यंत मूल होऊ द्यायचं नाही. बाहेर हे औषध मिळत नव्हतं. आणि आजार पुन्हा उसळला, तर नियमानं त्या पेशंटला उघडपणे खरं औषध देणार.

मी विचारलं, "म्हणजे माझ्या सुनेला मुद्दाम पाणी टोचणार?"

"टोचलं जाऊ शकतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गोळ्या चालूच राहतील, तपासण्याही होतील. पण हो, शक्यता आहे." मी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "आई, तुम्ही थांबा. हे यांना ठरवू द्या." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या मुलीच्या वयाची बाई मला गप्प बसवते! मुलगा खाली मान घालून बसला होता. सुनेनं सहीचा कागद स्वतःकडे ओढला. मग तिनं एवढंच विचारलं, "सुई टोचायची कुनी?"

"तुम्ही स्वतः. आम्ही शिकवू."

"मग चालंल," ती म्हणाली आणि सही केली.

मला तेव्हा कळलं नाही. आजारपणात तिचं सगळंच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. काय खायचं, कधी झोपायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सगळं आम्ही ठरवायचो. सुई तेवढी तिची होती. फ्रिजमध्ये वरच्या खणात ती पेटी ठेवायची आणि मला बजावायची, "आई, दह्याचं पातेलं हितं ठिवू नका." सासूला सांगायची हिंमत आली होती म्हणा की.

सुया सुरू झाल्या आणि माझ्या जिवाला चैन पडेना. पाणी की औषध? एका सकाळी चहा झाल्यावर मी तिचा डावा हात ओढून घेतला आणि मनगटावर अंगठा दाबून बसले. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. काही दिवसांनी, देवाशप्पथ सांगते, अंगठ्याखाली ठोका लागला. बारीक, पण लागला! मी तिथूनच हाक मारली, "अरे ए, नाडी आली रे हिची!" मुलगा दाढीचा साबण तसाच ठेवून धावत आला. देवापुढं साखर ठेवली, तिच्या तोंडात घातली. ती हसली नाही की रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. चहा झाला की मी हात पुढं करायची, ती हात द्यायची. लागायची नाडी. रोज लागायची.

आणि अशातच व्याही आले. व्याही नगर जिल्ह्यातल्या कर्जतकडचे, शेतकरी माणूस, मनानं सोनं, पण एकदा मनात भरलं की हलायचे नाहीत. तांब्यातलं पाणीही न पिता म्हणाले, "बाई, पोरीला न्यायला आलोय."

त्यांनी गावच्या भैरोबाला कौल लावला होता. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या फुलाची पाकळी चिकटवतो आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्याकडे जमीन घेताना, सोयरीक करताना लोक लावतात. व्याह्यांनी विचारलं होतं, पोरीच्या सुईत औषध हाय का? डावी पडली. म्हणून पुन्हा लावला. पुन्हा डावी.

"देव खोटं बोलत न्हाई, बाई. माझ्या लेकीला पानी टोचत्यात. वर मूल नको म्हनत्यात. आमच्याकडं एक जडीबुटीवाला हाय, तो बरं करतो म्हनतोय. म्या हिला घेऊन जातो."

"आण्णा, म्या न्हाई येनार," सून म्हणाली.

"तू गप. तुला काय कळतंय?"

त्या क्षणी मला ते माझंच वाक्य वाटलं. मी किती वेळा म्हटलं असेल तिला. मला राग आला, त्यांचा आणि माझाही. मी उठले, तिचा डावा हात धरला आणि त्यांच्यापुढं केला. "दादा, देवानं काय सांगितलं ते मला नका सांगू. बघा तुम्हीच. नाडी आलीय हिची."

त्यांनी वैद्य धरतो तशी तीन बोटं ठेवली. "न्हाई लागत."

"अहो, अशी धरा. अंगठा ठेवा. दाबा जरा."

त्यांनी अंगठा ठेवला. डोळे मिटले. "लागतीया," ते म्हणाले. "लागतीया की ओ, बाई." खांद्यावरच्या उपरण्यानं डोळे पुसले, तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले, जेवले आणि दुपारच्या गाडीनं एकटेच परत गेले. सून राहिली. मी जिंकल्यासारखी घरभर फिरत होते.

पुढच्या तपासणीला मी पुण्याला मुद्दाम बरोबर गेले. म्हटलं, या डॉक्टरबाईला जरा सांगू दे, आम्हालाही कळतं म्हणून. गेल्या गेल्या सांगितलं, नाडी आलीय. त्या चमकल्या. त्यांनी बोटं ठेवून पाहिलं, कानाला नळी लावून ऐकलं. मग मला म्हणाल्या, "आई, तुम्ही कशी बघता, दाखवा." मी मोठ्या तोऱ्यात अंगठा ठेवला. माझा हात हलकेच उचलून त्यांनी माझा अंगठा खुर्चीच्या लोखंडी दांड्यावर ठेवला. "दाबा. आता?"

ठोका लागत होता.

खुर्चीला नाडी होती! अंगठ्याची स्वतःची शीर असते, तिचाच ठोका आपल्याला लागतो, त्या सांगत होत्या. म्हणून नाडी कधी अंगठ्यानं बघायची नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. इतके दिवस मी रोज सकाळी माझीच नाडी मोजत बसले होते, आणि तिच्या तोंडात साखर घालत होते.

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. सुपं गाव मागं पडलं. मग तीच म्हणाली, "आई, मला म्हाईत हुतं."

"काय माहीत होतं?"

"सुई शिकवली त्या पहिल्याच येळंला तिथल्या नर्सबाईंनी सांगितलं हुतं, अंगठ्यानं बघू नका म्हनून."

"आणि तू मला बोलली नाहीस? मला येडी करत होतीस?" माझा आवाज चढला, पुढच्या सीटवरच्या माणसानं वळून पाहिलं.

तिनं पदर सारखा केला. "तुमी रोज हात धरायच्या ना. लग्न झाल्यापासनं कुनी धरला न्हवता असा. आन आण्णा आले तवा... मला जायचं न्हवतं. मला हीच सुई पायजे हुती. पानी तर पानी."

नगरच्या स्टँडवर दोघींनी चहा घेतला. तिच्या कपात साखर कमी होती, माझ्यातला अर्धा चहा मी तिच्या कपात ओतला. घरी आल्यावर मुलाला खरं सांगितलं. व्याह्यांना सांगायचं धाडस काही झालं नाही.

कारखान्याचं गाळप चालू झालं, उसाचे ट्रॅक्टर घरासमोरून धडधडायला लागले, त्या दिवसांत तिला ताप यायला लागला. मानेची शीर दुखायची, हात लावू द्यायची नाही. पुण्याला नेईपर्यंत माझ्या डोक्यात एकच. देवानं सांगितलं होतं पाणी आहे. बापाला कळलं होतं. आणि मी, शिकलेली मास्तरीण, माझ्या अंगठ्यानं तिला इथं बांधून ठेवली. तिची नजर गेली तर? झटका आला तर? दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून मी पदर तोंडात घालून रडले. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

तपासणीत आजार उसळल्याचं निघालं. मानेतल्या शिरेला सूज होती, पण ती बंद पडलेली नव्हती. ठरल्याप्रमाणे तिला उघडपणे खरं औषध सुरू झालं. तशीच सुई, तशीच पेटी, तोच फ्रिजचा वरचा खण. ताप गेला. महिने गेले तशी मान दुखायची थांबली, गोळ्या कमी झाल्या, चेहऱ्यावरची सूज उतरली आणि आतली आमची पोरगी पुन्हा दिसायला लागली. उजव्या हाताची नाडी शाबूत राहिली. डाव्याची आली नाही. ती यायची नाही, डॉक्टरबाईंनी मला आधीच सांगून ठेवलंय.

सगळ्या पेशंटांची ट्रायल संपली तेव्हा पुण्याहून फोन आला. आधीच्या तिच्या सुयांमध्ये पाणीच होतं.

व्याही आले ते नेमके त्याच आठवड्यात, हुरड्याची पिशवी घेऊन. ओसरीवर बसले, तेव्हा मुलानं त्यांना ते सांगितलं. ते ताठ झाले. "म्या म्हनलं न्हवतं? देवानं खरंच सांगितलं हुतं."

"सांगितलं होतं, दादा," मी म्हटलं. "आणि मी तुम्हाला खोटं दाखवलं. मुद्दाम नाही. मला तरी कुठं माहीत होतं? तो ठोका अंगठ्याचा असतो. तुम्हाला लागला तो तुमचाच होता."

ते आपल्या अंगठ्याकडे बघत बसले. शेतातल्या कामानं तो जाड, भेगाळलेला झालाय. मग हळूच म्हणाले, "म्हंजी त्या दिवशी म्या देवाचं ऐकलं असतं, हिला नेली असती, तर हे खरं औषिद..."

सून परातीत हुरडा पाखडत होती. तिचाही हात थांबला.

"हिकडं ये," ते म्हणाले. ती जाऊन शेजारी बसली. त्यांनी तिचा डावा हात मांडीवर घेतला आणि मनगटावर अंगठा ठेवला. डोळे मिटले.

"लागतीया," ते म्हणाले.

"आण्णा," ती हसायला लागली, डोळ्यांत पाणी, "ती तुमची हाय."

"असू दे," त्यांनी हात सोडला नाही. "माझी तर माझी."