कोराडीची विमल

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कोराडीच्या पॉवर स्टेशनमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला नोकरी करून रिटायर झालो. मीटरवर दिसत नाही ते नाही, एवढाच माझा धर्म. बाप्तिस्मा झालेला ख्रिस्ती आहे, पण चमत्कार सांगणाऱ्यांपासून कायम चार हात लांब राहिलो. त्यामुळे हे लिहिताना मला माझाच राग येतोय... तसा सध्या सगळ्यांचाच येतो.

नागपूरहून कोराडीकडे येताना मेन रोड सोडून आत वळलं की मरियामायचं तीर्थस्थान लागतं. नाव देत नाही, भांडणं नकोत. छोटी टेकडी, दगडी गुहेत मरियामायची मूर्ती आणि समोर पत्र्याचा मंडप. तिथे येणाऱ्यांत ख्रिस्ती निम्मेसुद्धा नसतात. धंतोलीच्या दवाखान्यात पेशंट ठेवून लोक थेट इकडे येतात, कारण इथे नाव घेतलं जायचं.

नाव घेणं म्हणजे काय, तर माणसं रांगेने यायची आणि फादर इग्नासच्या कानात आपल्या आजाऱ्याचं नाव-गाव सांगायची. मग फादर गुहेसमोर हात वर करून एकेक नाव खणखणीत घ्यायचे. काटोलचा गजानन... लकडगंजची शकीला... समोर कागद नसायचा, तरी एक नाव सुटायचं नाही. माणूस मूळचा केरळचा, पण मराठी शिकला ते इथल्या बायाबापड्यांकडून. माझी बायको विमल दर आठवड्याला जायची, म्हणून तिथली साउंड सिस्टिम मी सांभाळायचो. प्रार्थनेशी माझा संबंध तेवढाच.

मग फादरांना घशाचा कॅन्सर झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला भोक, श्वाससुद्धा तिथूनच. "आवाज पुन्हा येणं शक्य नाही," असं डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं. त्यांच्या जागी मिस्सा, म्हणजे चर्चची मुख्य उपासना, सांगायला तरुण फादर आले, आणि तीर्थस्थानाच्या कमिटीने नाव घेणं बंदच केलं. म्हणे फोनवर दाखवतात ते लाइव्ह फार लांबतं. आता एकच वाक्य: "सर्व आजारी बंधुभगिनींसाठी." संपलं.

नेमकी तेव्हाच विमल आजारी पडली. किडन्या गेल्या होत्या. मी तिला व्हीलचेअरवर नेलं, तिने सवयीने फादर इग्नासच्याच कानात नाव सांगितलं. त्यांनी गुहेकडे तोंड करून ओठ हलवले. परत येताना गाडीत ती म्हणाली, "ओठ हलले जी, पण मले आयकू नाही आलं. एकडाव कोणाकडून घेऊन द्या ना माहं नाव."

आयुष्यात तिने माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. मी कमिटीच्या अध्यक्षांकडे गेलो. ते म्हणाले, "डेव्हिडभाऊ, एकाचं घेतलं तर सगळ्याइचं घ्या लागते. समजून घ्या ना." समजून घेतलं. विमल धंतोलीत वारली, उशीजवळच्या फोनवर लाइव्ह ऐकत. सर्व आजारी बंधुभगिनींसाठी. ते वाक्य आजही कानावर पडलं की माझं टाळकं फिरतं.

यंदा फादरांचा निरोप समारंभ ठेवला. त्यांना वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमात पाठवायचं ठरलं होतं. रविवारची सकाळ, मंडप खचाखच, स्टेजवर फुलं, शाल, श्रीफळ. फादर खुर्चीत, गळ्याला पांढरा रुमाल. मी अॅम्प्लिफायरपाशी होतो. फादरांनी हाताने खूण करून गुहेपर्यंत जाऊ का, असं विचारलं. अध्यक्षांनी खांदा दाबून त्यांना बसवलं, "कार्यक्रम झाल्यावर."

तेवढ्यात लोक रांग लावू लागले, जुन्या सवयीने. बिल्ले लावलेले कार्यकर्ते त्यांना हाकलत होते. काटोलच्या कमलाबाई माझ्या शेजारीच अडकल्या.

"जाऊ दे ना गा. पोराचं नावच तं सांगतो."

"मावशी, फादर बोलू शकत नाहीत. काय उपयोग?" एक कार्यकर्ता म्हणाला.

"त्याइले आयकू तं येते ना?" बाई म्हणाल्या. पण त्याने सोडलं नाही.

मग अध्यक्षांनी माइक घेतला. "फादरांच्या वतीने मीच दोन शब्द बोलतो. फादर अत्यंत समाधानाने निरोप घेत आहेत." फादरांनी मान हलवली. नाही. "नव्या व्यवस्थेवर त्यांचा पूर्ण विश्वास आहे." पुन्हा मान. नाही, नाही. सगळा मंडप बघत होता आणि हा माणूस बोलतच होता. ज्याचा आवाज गेला त्याच्या तोंडी आपले शब्द कोंबायचे... माझं डोकं सणकलं. अॅम्प्लिफायरची मेन केबल ओढून काढली आणि प्लग मुठीत धरून उभा राहिलो.

आवाज बंद. अध्यक्ष माइकवर टिचक्या मारत होते. फादर उठले. या वेळी त्यांना अडवायची कोणाची हिंमत झाली नाही. हळूहळू गुहेपाशी गेले, आमच्याकडे पाठ करून उभे राहिले आणि हात वर केला.

"कोराडीची विमल."

फादरांचा आवाज. तोच, शेवटी जरा वर चढणारा. स्पष्ट, अगदी मागच्या खांबापर्यंत पोचेल असा. स्पीकर मेलेले होते, प्लग माझ्या मुठीत होता.

शेजारच्या कमलाबाईंनी माझी बाही ओढली. "माह्या गजाननाचं घेतलं. आयकलं ना भाऊ?"

मी गजाननाचं ऐकलं नव्हतं. त्यांनी विमलचं ऐकलं नव्हतं. आणि गजाननाचं नाव त्या दिवशी फादरांना कोणी सांगूच दिलं नव्हतं. मंडपात जागोजागी बाया रडत होत्या, प्रत्येकीने आपापलं नाव ऐकलं होतं. अध्यक्ष म्हणतात, त्यांना काहीच ऐकू आलं नाही, लोक भावनेच्या भरात होते. मोबाइलवरच्या व्हिडिओंत फादरांची पाठ दिसते आणि पाखरांचा आवाज आहे, बस. डॉक्टरांना भेटलो. "शक्यच नाही," ते म्हणाले, आणि माझ्या प्रकृतीची चौकशी केली.

शेवटी आश्रमात जाऊन फादरांनाच विचारलं. त्यांनी माझ्या कानाकडे बोट दाखवलं... तुला ऐकू आलं? मी हो म्हणालो. मग त्यांनी स्वतःच्या कानाला हात लावून मान हलवली. त्यांना स्वतःला काहीच ऐकू आलं नव्हतं. बराच वेळ ते माझा हात धरून बसले.

मला याचं स्पष्टीकरण सापडलेलं नाही. तुमच्याकडे असेल तर कळवा. मात्र देवाची लीला वगैरे लिहून पाठवू नका. त्या रविवारी भर मंडपात जे मला ऐकू आलं, ते विमलला तिच्या उशीजवळच्या फोनवर का ऐकू आलं नाही, हे सांगता येत असेल तरच लिहा.