मास्तरांचा गाल

कारखान्यातलं कुठलंही टेबल, कपाट किंवा बाक मास्तरांची बोटं फिरल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. लाकूड घासून पॉलिश करणारे चौघे होते, पण शेवटचा शब्द मास्तरांचा. ते डोळे मिटून बोटं फिरवत आणि "पास" म्हणत, नाहीतर काहीच न बोलता पॉलिश पेपर पुढे सरकवत. तो पेपर पुढे आला की भल्याभल्यांचं तोंड उतरे. ही मिजास त्यांनी तीस वर्षं मनसोक्त मिरवली.

मग त्यांच्या टाचेत खिळा घुसला. जखम हाडापर्यंत चिघळली आणि डॉक्टरांनी अँटिबायोटिक गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स लिहून दिला. "हातापायांना मुंग्या आल्या तर लगेच येऊन सांगा," असंही बजावलं. दुसऱ्या महिन्यात मुंग्या आल्या. शहाण्या माणसाने दवाखाना गाठला असता. मास्तर खूश झाले. जुना रंग काढायचं औषध हाताला झोंबलं की समजायचं, ते काम करतंय, हे त्यांच्या धंद्यातलं ज्ञान. तेच त्यांनी स्वतःच्या अंगाला लावलं. "गोळी लागू पडतेय बरं का," असं बायकोला ऐटीत सांगून उरलेला कोर्स त्यांनी इमानेइतबारे संपवला.

टाच बरी झाली. बोटं आणि तळपाय मात्र बधिर होऊन बसले. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. गोळ्यांनी नसांना इजा झाली होती. हळूहळू फरक पडेल, कदाचित पूर्ण पडणारही नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. आता चप्पल रस्त्यात गळून पडायची आणि मास्तर उरलेल्या एका चपलेनिशी रुबाबात कारखान्यात पोचायचे. लोक हसायचे, ते परवडत होतं. बोटांचं कळलं असतं तर नोकरी आणि मिजास, दोन्ही गेल्या असत्या. म्हणून मास्तरांनी तोंडाला कुलूप लावलं आणि बोटांचं काम गालावर सोपवलं.

गाल भलताच हुशार निघाला. आजूबाजूला कोणी नसलं की मास्तर टेबलावर गाल टेकवत, मग सगळ्यांसमोर बोटं फिरवायचं नाटक करून निकाल देत. अडचण एकच होती. दाढीचे खुंट वाढले की गालाला काही कळेना. मास्तर दिवसातून दोनदा दाढी करू लागले.

"या वयात कुणासाठी एवढं चकाचक व्हायचंय?" बायकोने विचारलं.

"टेबलासाठी."

उत्तर खरं होतं, पण ते ऐकून तिने आठवडाभर अबोला धरला. शेवटी त्यांना सगळं सांगावं लागलं. ती आधी रडली, मग पोट धरून हसली, आणि संध्याकाळी ब्लेडचं नवं पाकीट घेऊन आली.

असे पाच महिने निभावले. मग बालवाडीसाठी एक लांब बाक तयार झाला, पाठीला उभे दांडे असलेला. पोरं उघड्या हातांनी टेकणार, तेव्हा जराही कसर चालणार नव्हती. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मास्तर बाकामागे गुडघे टेकून बसले. दांड्यांच्या आतल्या कडा गालाने तपासायच्या तर तोंड दोन दांड्यांच्या फटीत घालणं भाग होतं. त्यांनी घातलं. आणखी थोडं घातलं. कान आत गेले आणि बाहेर यायचं नाव घेईनात.

अर्ध्या तासाने कारखान्याच्या मालकीणबाई आत आल्या.

"मास्तर, हे काय?"

"तपासतोय, बाई."

"डोक्याने?"

"गालाने." आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. "बोटं गेली, बाई. गोळ्यांमुळे. काही म्हणजे काही कळत नाही त्यांना."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बोटांची लाज, लबाडीची लाज आणि वर हा अवतार.

बाई स्टुलावर बसल्या. "कधीपासून?"

"पाच महिने झाले."

बाहेरून कामगारांच्या हसण्याचा आवाज आला, तेव्हा बाईंनी उठून दार लोटून घेतलं.

"पाच महिन्यांत एकही माल परत आलेला नाही, मास्तर," त्या म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं? उद्यापासून उघडपणे गाल लावा. कोणी हसलं तर माझ्याकडे पाठवा."

मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि दोन्ही गालांवरून ओघळलं. बाईंनी न बघितल्यासारखं केलं आणि भिंतीवरची करवत काढली.

"एक दांडा कापावा लागणार. हा कापते," म्हणत त्यांनी उजवीकडच्या दांड्यावर पातं टेकवलं.

"अहो, थांबा!" मास्तर अडकल्या जागेवरूनच गरजले. "तो कशाला? डावा कापा, त्याची कड खडबडीत आहे. उजवा पास केलाय मी!"