दोन अक्षरांचं घराणं

'ओके' हा शब्द जगात कुठेही फुकट मिळतो. आमच्या शेजारच्या मेकॅनिककाकांकडून मात्र तो कमवावा लागे. मुरुडच्या बस डेपोत त्यांची सगळी नोकरी झाली. ब्रेक, दिवे, टायर तपासून झाले की ते खिशातला खडू काढून बंपरवर ती दोन इंग्रजी अक्षरं लिहायचे, मगच गाडी हलायची. निवृत्त झाल्यावर डेपो सुटला, खडू सुटला नाही. कुणाच्या दाराची नवी कडी, मांडवाचे खांब, सायकलची दुरुस्ती, सगळं हलवून, वाकवून पाहायचे आणि पटलं तरच ओके लिहायचे. वाडीत मुलगी पाहायला आलेल्या एका बडबड्या नवरदेवाबद्दल त्यांनी निकाल दिला होता, "गाडी बरी हाय, पण हॉर्न लय वाजतो."

या ओकेच्या जन्मकथा ते विहाराच्या ओट्यावर बसून सांगत, आणि दर वेळी वेगळी. कधी तो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा 'असंच आहे' असा शब्द असे, कधी तिथल्या एका अध्यक्षाला गावावरून पडलेल्या टोपणनावाची आद्याक्षरं, तर कधी वर्तमानपत्रवाल्यांनी 'ऑल करेक्ट' मुद्दाम चुकीचं लिहून केलेली थट्टा. "काका, परवा तर तुम्ही तो ग्रीक खलाशांचा म्हणाला होता," असं कुणी म्हटलं की ते शांतपणे म्हणत, "तोपण हाय. मोठ्या माणसाला गावं अनेक असतात."

बारावीनंतर अलिबागच्या कॉलेजात अर्ज देण्याचा शेवटचा दिवस होता. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मी धावतच बस स्टँडकडे निघाले, तर काका वाटेत आडवे. "अर्ज वाच. मोठ्यानं."

"काका, गाडी जाईल!"

"जाऊ दे. तपासल्याबिगर न्हाय सोडणार."

मी चिडून बोलून गेले, "तुम्हांला इंग्रजी येतं तरी का?"

"दोनच अक्षरं येतात, पोरी. डेपोतल्या साहेबानं शिकवली तेवढीच. म्हणून तर येणाऱ्याजाणाऱ्या शिकलेल्या माणसाला इचारत फिरतो. दोनच हायत, तर त्यांचं घराणं तरी ठाव असावं ना? बाकीचं तू वाच."

मान खाली घालून मी वाचू लागले. शेवटच्या पानावर अडखळले. पालकाच्या सहीची जागा कोरी होती. समोरून गाडी निघून गेली. काकांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि बाबा नारळ पाडत होते त्या बागेत नेलं. बाबा माडावरून उतरले, हात लुंगीला पुसले आणि जपून सही केली. काकांनी त्याच पेनानं मागच्या कोऱ्या बाजूला बारीकसं ओके लिहिलं. पुढच्या गाडीने गेले, तर कचेरीतल्या बाईंनी आधी शेवटचंच पान उघडलं.

गेल्या महिन्यात पदवीचं प्रमाणपत्र घेऊन काकांकडे गेले. आता त्यांना फारसं दिसत नाही. "वाच. मोठ्यानं," म्हणाले. माझं नाव त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग खिशातून खडूचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "आता तपासणारी तू. लिव."

प्रमाणपत्रावर कसं लिहिणार? त्यांच्या घराच्या ओट्याच्या पायरीवर खडू दाबून लिहिलं. काकांनी बोटांनी अक्षरं चाचपली. "के वाकडा झालाय," म्हणाले. पण बराच वेळ बोट तिथून उचललं नाही.